मैदानावरचं मैदानावर

क्रिकेटमध्ये माणसं इतकी बोलतात हे मला लग्नाआधी माहीत नव्हतं. गावाकडं पोरं शाळेच्या मागं खेळायची तेव्हा लांबून फक्त "आऊट, आऊट" ऐकू यायचं आणि पाठोपाठ भांडण. बाकीचा वेळ सगळे गप्प उभे असतात असंच मी धरून चालले होते. लग्न होऊन चिखलीला आले आणि पहिल्याच गुरुवारी, कंपन्यांना सुट्टी असते त्या दिवशी, हे मला मॅच बघायला घेऊन गेले. तेव्हा कळलं की बॅट-बॉल थोडा वेळ चालतं आणि तोंडं सगळा वेळ चालतात.

त्यातही जास्त तोंड ह्यांचं. हे टेनिस बॉलच्या मॅचमध्ये विकेटकीपर असतात. स्टंपांच्या मागं वाकून उभं राहायचं आणि समोरच्या बॅट्समनच्या कानात बोलत राहायचं. कुणी अंगानं भरलेला आला की म्हणायचे, "सावकाश रे पोरांनो, साहेबांना पळायला लावू नका, गावाला कळवावं लागंल." चष्मेवाला आला की, "काका, बॉल पिवळा असतोय, चष्मा पुसून घ्या." एखादा पोरगा चुकला की, "शिफ्ट कुठली भावा? नाइट? मग घरी जाऊन झोप की, उनात कशाला आलास?" मधेच आपल्याच लोकांवर ओरडायचे, "ए, मेलात का सगळे? आवाज येऊ द्या, आवाज!" मग बाकीचे दहा जण टाळ्या वाजवत गलका करायचे. बॉल चांगला पडला तर "शाब्बास वाघा, हाच टप्पा, हाच टप्पा," आणि वाईट पडला तरी "शाब्बास वाघा".

ह्यांच्या टीमचा कॅप्टन म्हणायचा की समोरच्यांच्या निम्म्या विकेटा ह्या भावाच्या जिभेवर जातात. हे खरं असेल. मी स्वतः बघितलंय, चांगला खेळणारा माणूस मागं वळून दोन शब्द बोलतो आणि पुढच्या बॉलला जातो. लोक हसायचे. मीही हसायचे सुरुवातीला.

आता टीव्हीवर मोठ्या खेळाडूंचंही स्टंपापाशी चाललेलं बोलणं ऐकू येतं. हे आवाज वाढवून ऐकायचे. कोण काय बोलला, बॅट्समन कसा चिडला, हे सकाळी दात घासताना मला करून दाखवायचे. तोंडात फेस आणि वर ते बोलणं. "आता हे असंच खेळावं लागतंय," असं म्हणायचे. "गप राहणाऱ्याचं क्रिकेट संपलं." असं म्हणून माझ्याकडं बघायचे आणि हसायचे. मी फार बोलत नाही. चार माणसांत मला बोलता येत नाही, शब्द घशाशी येतात आणि तिथंच बसतात. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हापासून तर जास्तच. मित्र घरी आले की हे मला दाखवून म्हणायचे, "आमच्या घरात दोन टीव्ही हायेत, एक म्यूटवर असतोय."

मी घरीच काम करते. तळवड्याच्या एका शेडमधून रबराच्या पार्टचं पोतं येतं, गाडीत कुठंतरी बसणारे छोटे गोल पार्ट असतात. साच्यातून निघताना त्यांच्या कडेला जास्तीचं रबर राहिलेलं असतं, ते ब्लेडनं कापायचं. त्या कामाला बोलावं लागत नाही म्हणून मला ते बरं वाटतं.

माझा भाऊ माझ्यापेक्षा लहान. आयटीआय करून तो चाकणला आला, महाळुंग्याकडं चार पोरांबरोबर खोली करून राहायचा. आला तो ठेकेदाराकडून लागला. इकडं सगळ्यांना हे माहीत आहे, पण गावाकडच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. पोरगा काम मोठ्या कंपनीत करतो, कपडेही कंपनीचेच घालतो, पण तो कंपनीचा नसतो. सहा-सात महिने झाले की ठेकेदार त्याला ब्रेक देतो. म्हणजे थोडे दिवस घरी बसायचं, मग नवा कागद, नवा नंबर, परत पहिल्यापासून. असं केलं की तो कधी पर्मनंट होत नाही. ब्रेकच्या दिवसांत माझा भाऊ माझ्याकडं यायचा, माझ्याशेजारी बसून रबराच्या कडा कापायचा. त्यालाही बोलायचं फार नसायचं. आम्ही दोघं तशीच तासन् तास बसायचो.

हे मात्र पर्मनंट आहेत. त्यांच्या कंपनीत, चाकणलाच.

भावाला आमच्याच तालुक्यातलं एक स्थळ आलं. मुलगी बारावी झालेली, शिलाई येणारी, बघताक्षणी मला आवडली. तिचे वडील एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झालेले. त्यांच्या ओसरीवर आम्ही बसलो होतो. त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"पोरगं कायम आहे का?"

भावानं तोंड उघडलं होतं. तो काय बोलणार होता ते मला माहीत आहे, कारण तो खोटं बोलत नाही. पण त्याच्या आधी ह्यांचा आवाज आला. "कायम म्हंजे? आवो मी हाय ना तिथं, मी सांगतो. कागद सहीला गेलाय, पर्मनंट झालाच समजा." आणि भावाच्या पाठीवर थाप मारली. भाऊ खाली मान घालून बसला. त्या लोकांना वाटलं मुलगा लाजाळू आहे.

परत येताना जीपमध्ये भाऊ म्हणाला, "दाजी, असं कशाला सांगितलं?"

"मग काय सांगायचं होतं? मॅच जिंकायची का न्हाई? आधी दबाव टाकायचा असतोय. होशील की तू पर्मनंट, कुठं पळून चाललाय."

आई खूष होती. महिन्याभरात सुपारी फुटली आणि लग्न उन्हाळ्यात धरलं.

त्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची टेनिस बॉलची स्पर्धा होती. दरवर्षी असते. सकाळपासून डीजे, लाउडस्पीकरवर बोलणारा माणूस, मांडव. मॅच यूट्यूबवर लाइव्ह दाखवतात, त्यात काही नवीन नाही. त्या वर्षी नवीन काय, तर लाइव्हवाल्या पोरांनी टीव्हीसारखं करायचं म्हणून स्टंपांच्या मागं एक माईक जमिनीत पुरला होता. मैदानावर त्याचा आवाज येत नव्हता, फक्त फोनवर मॅच बघणाऱ्याला येत होता. लाउडस्पीकरवाला दर थोड्या वेळानं सांगायचा, "खेळाडूंनी भाषा जपून वापरावी, माता-भगिनी लाइव्ह बघत आहेत."

पहिल्याच मॅचनंतर हे रात्री फोन घेऊन माझ्याजवळ येऊन बसले. मॅचच्या खाली लोकांनी लिहिलं होतं, ते वाचून दाखवत होते. "कीपर भाऊ एक नंबर." "कीपरसाठी मॅच बघतोय." "या माणसाला टीव्हीवर घ्या." ह्यांचा चेहरा असा झाला होता की तसा मी लग्नातही बघितला नव्हता. त्यानंतरच्या मॅचना ते दाढी करून जायला लागले. आधी ते विकेट घ्यायला बोलायचे. आता विकेट बाजूला राहिली, कुणीतरी ऐकतंय म्हणून बोलायचे. हा फरक मला तेव्हाच दिसला होता. पण सांगणार कुणाला, आणि सांगून ऐकणार कोण.

फायनलला आमच्या चिखलीच्या टीमसमोर चाकणची टीम आली, आणि तिच्यात माझा भाऊ ओपनिंगला होता. तो गप्प राहून खेळायचा, पण फार छान खेळायचा. सकाळी तो आमच्याकडंच आला. मी दोघांना पोहे दिले. शेजारी शेजारी बसून खाल्ले दोघांनी.

"खा, पाव्हणं, पोटभर खा," हे म्हणाले. "दुपारनंतर घशाखाली उतरायचं न्हाई."

"दाजी, तुम्ही आज तोंडाला पट्टी लावून या," भाऊ म्हणाला. हसतच म्हणाला.

मी आमच्या शेजारच्या भाभीबरोबर दोरीच्या बाहेर, बायकांसाठी कापड बांधलं होतं तिथं बसले. भाभीच्या नवऱ्याचं गॅरेज आहे आणि तो आमच्या टीमचा बॉलर. भाभीनं फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून लाइव्ह लावलं होतं. समोर मैदान असताना फोन कशाला, तर डीजेमुळं आतलं काही ऐकू येत नाही आणि तिला माझ्या ह्यांच्या गमती ऐकायच्या होत्या. फोनवर सगळं उशिरा येतं. समोर माणूस आऊट होऊन मांडवात जाऊन पाणी पितो, तरी फोनमध्ये तो अजून बॅट आपटत उभा असतो.

भाऊ चांगला खेळला. पंधरा-सोळा धावा राहिल्या होत्या आणि बॉल तेवढेच, म्हणजे त्याला काहीच जड नव्हतं. मला कुणाच्या बाजूनं टाळ्या वाजवायच्या ते कळत नव्हतं, म्हणून मी हात पदरात धरून बसले होते. भाभीचा नवरा बॉलिंगला आला. हे पुढं सरकून अगदी स्टंपांना चिकटून उभे राहिले आणि बोलायला लागले. लांबून मला फक्त त्यांची मान हलताना दिसत होती. भावानं एकदा मागं बघितलं. मग बॅट खाली टेकवून बाजूला झाला, ह्यांना काहीतरी म्हणाला. हात पुढं केला होता त्यानं, आपण कुणाला थांबवतो तसा. हे हात पसरून बाकीच्यांकडं वळले आणि सगळे हसले. अंपायरनं खेळा म्हणून खूण केली. भावानं परत एकदा मागं बघितलं, या वेळी जास्त वेळ.

आणि मग तो पुढं पळाला. रेघ सोडून पार पुढं, डोळे मिटल्यासारखी बॅट फिरवली. बॉल मागं गेला, ह्यांनी पकडला आणि स्टंप उडवले. भावानं वळूनसुद्धा बघितलं नाही. बाकीचे आऊट होऊन मांडवाकडं जायचे, तो सरळ गाड्या लावल्या होत्या तिकडं चालत गेला. पॅड-बिड काही नसतं या खेळात, बॅट टाकली की माणूस मोकळा. डीजेवाल्यानं गाणं लावलं. हे दोन्ही हात वर करून आमच्याच बाजूला पळत आले, सगळी टीम मागं. मला वाटलं, आऊट झाला म्हणून भाऊ चिडला असेल.

तेवढ्यात फोनमध्ये ते आलं.

"काय पाव्हणं, दमलाय का? ब्रेक घ्या की जरा." ह्यांचा आवाज, अगदी कानाशी बोलल्यासारखा. मागं कुणीतरी खिदळलं. "अरे ह्याला ब्रेकची सवय हाय. सात म्हैनं झालं की ठेकेदारच देतोय."

"दाजी, बास ना." हा माझा भाऊ.

"बास काय? सासऱ्याला पर्मनंट म्हणून सांगितलंय ह्यानं! सासरा एसटीतला हाय, बिगर तिकिटाचा घावला तर खाली उतरवंल गाडीतनं!"

"दाजी, माईक आहे तिथं. पाया पडतो."

"असू दे की, ऐकू दे जगाला! ए भावा, टाक, टाक, काँट्रॅक्ट संपत आलंय ह्याचं!"

मग सगळ्यांचं हसणं, बॅट हवेत फिरल्याचा आवाज, स्टंप पडल्याचा आवाज, आणि ह्यांची आरोळी.

आरोळी फोनमध्ये चालू होती आणि हे समोर दोरीपाशी उभे राहून घाम पुसत आमच्याकडं बघून हसत होते. भाभीनं फोन पालथा घातला. "दीदी," ती हळूच म्हणाली, "ये तुम्हारे भाई का सच में ऐसा है क्या?" मी हो म्हणून मान हलवली. ती म्हणाली, "तरीपण. घर की बात थी."

ह्यांनी सांगितलं हे मला तेवढं लागलं नाही, जेवढं "ह्यानं" लागलं. सासऱ्याला सांगितलंय ह्यानं. ओसरीवर कोण बोललं होतं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

ह्यांना बेस्ट कीपरचा कप मिळाला. पुढाऱ्यानं खांद्यावर हात टाकून फोटो काढला. हे कप घेऊन घरी आले तोवर आईचे माझ्या फोनवर तीन-चार फोन येऊन गेले होते. भावानं होणाऱ्या सासरी कौतुकानं लाइव्हची लिंक पाठवली होती. त्यांनी फोन टीव्हीला जोडला होता आणि जावई खेळतोय म्हणून भावकीला बोलावलं होतं. चहा केला होता सगळ्यांना.

संध्याकाळी मुलीच्या वडिलांचा ह्यांना फोन आला. हे कॉटवर बसून बोलत होते, स्पीकर चालू होता.

"मामा, आवो ते खेळातलं असतंय," हे म्हणाले. "मैदानावरचं मैदानावर ठेवायचं असतंय. बाहेर आलं की आम्ही गळ्यात गळा घालून चहा पितो."

ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "मग त्या दिवशी आमच्या ओसरीवर बोललात ते कुठलं होतं?"

ह्यांनी "आवो मामा, ते..." असं सुरू केलं आणि अर्ध्यावर सोडलं. स्टंपांच्या मागं असं कधी झालं नव्हतं. ते गृहस्थ म्हणाले, "चार माणसांत सुपारी फुटली, चार माणसांतच मोडली समजा," आणि फोन ठेवला.

ह्यांनी फोन कॉटवर टाकला. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. म्हणाले ते असं, "पण मी खोटं काय बोललो? खरंच हाय ना ते? उद्या लग्न झाल्यावर पोरीला कळलं असतं तर? उलट पोरगी वाचली म्हणायची."

पुढं आठ दिवस ज्याला त्याला ते हेच सांगत होते. मला हे बोलणं टोचायचं, कारण त्यात थोडं खरं होतं. मुलीला माहीत असायला पाहिजे होतं. तिला फसवून आणलं असतं तर मलाही झोप आली नसती. पण मी त्यांना स्टंपांच्या मागं उभं असताना बघितलं होतं. त्यांचं लक्ष त्या मुलीवर नव्हतं. लक्ष स्टंपांवर होतं आणि त्या माईकवर. खरं बोलायला त्यांना ओसरी मिळाली होती, तिथं ते खोटं बोलले. आणि खरं बोलले ते एका विकेटसाठी.

भावानं कुणाला काही म्हटलं नाही. मी फोन केला तर म्हणाला, "जाऊ दे ताई, तू जेवलीस का?"

मग एका दुपारी मुलीचाच मला फोन आला. मी ब्लेड खाली ठेवलं आणि फोन घेऊन गच्चीवर गेले. मी फोनवर नुसती हं हं करते, पण ती मुलगी स्पष्ट बोलणारी आहे.

"ताई, मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"ते काँट्रॅक्टवर आहेत ते. सुपारीनंतर लगेच त्यांनी स्वतः सांगितलं मला. म्हणाले, पटत नसलं तर आत्ताच नाही म्हण, मी काही मनात धरणार नाही. मी म्हटलं, मी शिलाई करीन तिकडं येऊन, दोघं मिळून बघू. आप्पांना मी सांगणार होते ताई. त्यांना एकटं गाठून, हळूहळू. आप्पा एकटे असले की सगळं ऐकून घेतात. चार लोकांत त्यांना मान सोडवत नाही." मग तिचा आवाज बारीक झाला. "आता चार लोकांतच झालं ना."

पुढं ती म्हणाली, "एक होऊ शकतं. तुमच्या ह्यांनी एकदा इकडं यावं. सगळ्यांसमोर म्हणावं की पर्मनंट आहे असं मी सांगितलं होतं, मुलानं नाही. एवढं म्हणाले तर आप्पांना वाट मिळेल. ताई, तुम्ही सांगाल का त्यांना?"

मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी ते वाक्य मनात जुळवत होते. पोतं अर्ध्यावर आलं तरी मला सुरुवात कुठून करायची ते सापडत नव्हतं. संध्याकाळी हे आले, हातपाय धुऊन फोन घेऊन बसले. त्या स्टंपिंगचा तुकडा कुणीतरी कापून, मागं हसण्याचे आवाज घालून सगळीकडं पाठवला होता. हे तोच परत परत बघत होते. मी समोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "तुम्ही एकदा तिकडं जाऊन या. सांगा की तुम्ही बोलला होतात, तो नाही."

"काय? मोठ्यानं बोल."

मी परत म्हणाले. मुलगी काय म्हणाली तेही सांगितलं, सगळं. तिला आधीपासून माहीत होतं हेही. मला वाटलं होतं, हे ऐकल्यावर तरी पोरगी वाचली असं म्हणायचं बंद होईल.

"अरे वा," हे म्हणाले, "आज म्यूट सुटलं की!" मग माझ्या तोंडाकडं बघून जरा ताठ झाले. "मी हात जोडू? त्यांच्या ओसरीवर? अख्ख्या चिखलीत माझं नाव झालंय, आणि तिथं जाऊन म्हणू मी खोटारडा? लोक काय म्हणतील?"

"लग्न जमेल त्यानं."

"एक मोडलं तर दुसरं जमंल. त्याला काय धाड भरलीय. आणि गुरुवारी मॅच हाय, तू काय मला रजा टाकायला लावती का?"

मी परत विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं का, तर पाहिजे होतं. पण माझ्यात तेवढंच होतं, ते एकदाच निघालं. मुलीला मी काय कळवणार? तिचा परत फोन आला तेव्हा मी नुसतं "नाही गं" म्हटलं. ती म्हणाली, "बरं ताई." उन्हाळ्यात, आमच्याच धरलेल्या तिथीच्या आसपास, तिचं लग्न झालं. मुलगा जिल्ह्याच्या ठिकाणी नोकरीला आहे, कायम.

भावानं चाकण सोडलं नाही, पण खेळणं सोडलं. त्याच्या कंपनीतली पोरं त्याला जाता-येता "पर्मनंट" म्हणायची, असं मला भाभीच्या नवऱ्याकडून कळलं. तो आमच्या घरी यायचा बंद झाला. ब्रेकच्या दिवसांतही आला नाही. फोन मात्र उचलायचा. मी दुपारी लावायचे, हे शिफ्टला असताना. आम्ही थोडंच बोलायचो. आईची तब्येत, पाणी आलं का, भाजी काय केली. माझं ज्याच्याशी बोलणं होतं असं माणूस तेवढंच होतं, म्हणून ती दुपार मला पुरायची.

आता परवाची गोष्ट. माणच्या एका टीमनं ह्यांना खेळायला बोलावलंय. मोठी टीम आहे, कपडे-बिपडे तेच देतात. त्यांना ओपनिंगला माणूस पाहिजे. हे मला म्हणाले, "तुझ्या भावाला फोन लाव. म्हणावं, झालं गेलं सोड. त्याच्यासारखा बॅट्समन नाही ह्या पट्ट्यात."

मी म्हणाले, "नको."

"काय नको? एवढं काय झालंय? खेळात मनाला लावून घेतंय का कुणी?" माझा फोन पोत्याशेजारी पडला होता. तो त्यांनी उचलला आणि माझ्याच फोनवरून लावला.

भावानं लगेच उचलला. "हां ताई, बोल. आज लवकर केलास?"

"काय पर्मनंट!" हे मोठ्यानं म्हणाले. तोच आवाज, स्टंपांच्या मागचा. "राग गेला का न्हाई अजून?"

पलीकडून मशीनचा आवाज येत होता, तो कामावरच होता. मग फोन बंद झाला.

"बघ," हे म्हणाले, "अजून तोंड फुगवून बसलाय. असल्यांनी क्रिकेट खेळूच नये." फोन परत पोत्याशेजारी ठेवला आणि गॅलरीत जाऊन माणच्या टीमवाल्याशी हसत बोलायला लागले.

काल दुपारी मी भावाला फोन केला. पूर्ण वाजला, उचलला नाही. आज दोनदा केला, तसंच. मी त्याला दोष देत नाही. माझ्या नावानं फोन वाजला तर तिकडून कुणाचा आवाज येईल हे त्याला कसं कळणार? म्हणून मी मेसेज लिहिला. मला एकेक अक्षर शोधावं लागतं, वेळ गेला. "मी आहे. घरात एकटी आहे. उचल." त्यानं तो वाचला, तशी खूण आली. तरी फोन आला नाही. असा मेसेज हेही लिहू शकतात, हे मला पाठवल्यावर सुचलं.